गोळ्या सोडण्याचा नवस

दमा मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी लागला. ज्याला हे दुखणं नाही, त्याला सांगून कळत नाही. सकाळी मी विहिरीवरून पाणी आणायची, भाकरी थापायची, अगदी धडधाकट असायची. आणि दुपारी अंगणात नुसती उभी असताना छातीत शिट्टी वाजू लागायची. कधी पंधरा पंधरा दिवस काही नाही, तर कधी एकाच दिवसात दोनदा. केव्हा येईल याचा नेम नव्हता, आणि भय त्याचंच होतं. पण मनाला खरी टोचणी वेगळीच होती. हिवाळ्यात बहुतेकदा दम लागायचा तो आरतीच्या वेळी. टाळ घेऊन देवापुढे उभी राहिले की दोन कडव्यांत आवाज बंद. घरातलं कुणी बोलत नसे, पण मला वाटायचं, देवाला माझी सेवाच चालत नाही.

आमचं घर नाचणगावचं, शेतीचं. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. पुलगावच्या डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांनी बरंही वाटायचं. त्या हिवाळ्यात गावात कीर्तन झालं. बुवा म्हणाले, सगळा भार देवावर टाका, अर्धामुर्धा टाकू नका. ते माझ्याकडे बघूनच बोलले असं मला वाटलं. गोळी घेते म्हणजे माझा विश्वास अर्धा, असा अर्थ मी काढला. बुवांचा त्यात काही दोष नाही. घरी येऊन गोळ्यांची बाटली कोठीमागे ठेवली आणि मनाशी नवस बोलले, की माघात पवनारला धाम नदीत स्नान करीन, तोवर औषधाला हात लावणार नाही. यांनाही सांगितलं नाही. पुढचे बारा दिवस छाती अगदी मोकळी होती. त्या बारा दिवसांत मला जो गर्व झाला, त्याची आज लाज वाटते.

तेराव्या दिवशी सकाळी जाऊबाईंना घेऊन पवनारला गेले. पाणी हाडं गोठवणारं होतं. स्नान करून वर आले, तर घाटावर बायकांनी कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून शेकोटी केली होती. ओल्या लुगड्यानिशी मी तिथं शेकायला बसले आणि छाती आवळली. हवा आत ओढत होते, पण जागाच नव्हती. जाऊबाई रडू लागल्या. भोवती गर्दी जमली. कुणी कांदा आणा म्हणे, कुणी पाणी पाजा म्हणे. मी डोळे मिटून देवाला म्हटलं, मी माझा शब्द पाळला, आता तू पाळ.

तेवढ्यात आवाज आला, "सरका वं सगळ्या! हवा येऊ द्या तिले." साठीच्या घरातली, हिरव्या लुगड्यातली एक बाई गर्दीतून पुढे आली. तिनं मला धुरापासून ओढून पायरीवर बसवलं, माझे हात माझ्याच गुडघ्यांवर टेकवले. "ओढू नोको. आत भरलेली हवा आंधी सोड. गरम चहावर फुंकतो ना, तसं ओठ करून हळू सोड." माझ्याबरोबर ती स्वतः फुंकत राहिली. दम थांबला नाही, पण जीव थाऱ्यावर आला. मग तिनं विचारलं, "औषध कुठी हाय तुहं?" मी नाही म्हणून मान हलवली. जाऊबाईंना एका बाजूनं धरायला लावून तिनं मला सडकेवर आणलं. बसला अजून तासभर होता. पण वऱ्हाड घेऊन एक गाडी वर्ध्याकडे निघाली होती. हिनं हात केला आणि ती थांबली. नवरदेवाच्या मावशीनं उठून मला खिडकीची जागा दिली.

वर्ध्याच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. तासाभरात बोलता येऊ लागलं, तेव्हा मी बरोबर आलेल्या त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईला सगळं सांगितलं, नवससुद्धा. ती जराशी हसली.

"मंग मले कोण धाडलं वं? मी काई रोज त्या घाटावर येत नाई. आन् गोळी का देवाच्या राज्याबाहेरून आली?"

मला रडू आलं. तिनं पाठीवर हात ठेवला. "माह्या पोरीलेई दमा हाय. दम लागाच्या आंधी तू काय करून राह्यली होती, हे लिहून ठेवजो. आज काय केलं?"

"गार पाण्यात उतरले. मग धुरात बसले."

"आन् आरतीच्या वक्ताले? देवघरात काय काय हाय?"

मी सांगू लागले आणि सांगता सांगताच थबकले. आमचं देवघर ज्या खोलीत, तिथंच वेचणीचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला असे. त्यात दार लावून आम्ही धूप जाळायचो. देव रुसला म्हणून मी वर्षं वर्षं झुरले, आणि छाती बिचारी कापसाच्या बारीक धुळीला आणि धुपाच्या धुराला कंटाळली होती!

ती गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

घरी मी यांच्यापाशी सगळं कबूल केलं. हे रागावले नाहीत, कापूस मात्र दुसऱ्याच दिवशी गोठ्याशेजारच्या कोठारात हलवला. धुपाचं सासूबाईंना कसं सांगावं हा धाक होता. त्या म्हणाल्या, "देवाले फुलाचा वास पुरते." गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि शाळेची एक चाळीस पानी वही घेऊन दम लागण्याआधीचं लिहू लागले: मिरच्या कांडल्या. आभाळ भरून आलं. सर्दी झाली. माहेरचं पत्र वाचून रडले. हळूहळू दुखण्याचा चेहरा ओळखू येऊ लागला आणि दम लागणं पुष्कळ कमी झालं.

पण सगळंच काही उलगडलं नाही. वहीत अधूनमधून एवढीच ओळ आहे: "आज कारण कळलं नाही." पहिल्यांदा ती लिहिली तेव्हा, इतकं सांभाळूनही का, म्हणून मी देवाशी भांडलेसुद्धा. आता डॉक्टरांनी तोंडात ओढायच्या औषधाचा पंप दिला आहे. असं कारण न कळता दम लागला की तो घेते, पुढं वाकून बसते, श्वास हळूहळू सोडते, आणि तेवढा वेळ देवाचं नाव घेते. बरं कर म्हणून नाही. घाटावरल्या त्या पायरीवर मी एकटी नव्हते, एवढं आठवावं म्हणून. छाती मोकळी झाली की वही उघडते, ती ओळ लिहिते, आणि उठून चुलीवरलं उतरवायला जाते.