छत्री धरलेला फोटो

हॅमरस्मिथचा पूल ओलांडला तेव्हा तेओफिलकाकांच्या खिशात बरेच फोटो जमा झाले होते. अजून सेवेरिनाबाईंचं घर राहिलं होतं. मी बसने चला म्हटलं, तर म्हणाले, "बसमध्ये आपलीच माणसं भेटतात, बाई. चौकशा करतात."

काका म्हणजे युद्धात लंडनला आसऱ्याला आलेल्या आमच्या पोलिश सरकारच्या पंतप्रधानांच्या कचेरीचे दारवान. मी तिथेच टंकलेखनाला. रशियाशी बोलायचं की नाही, यावरून आत मंत्र्यांची रोज जुंपायची. "भांडतात, पण कोट सगळे माझ्याच हातून घालतात," एवढंच काका हसून सांगायचे. मिरवले ते एकदाच. पावसात पंतप्रधानांवर छत्री धरलेला त्यांचा फोटो निघाला, आणि त्याच्या प्रती त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला सही करून वाटल्या.

आता युद्ध संपलं होतं. जुलैत इंग्रजांनी आमच्या सरकारची मान्यता काढून घेतली. वॉर्सात रशियाच्या मर्जीतलं दुसरं सरकार बसलं, आणि आमची माणसं तिथे उतरली की उचलतात, असं कानावर येत होतं. काकांची अकरा वर्षांची हाल्श्का पोझ्नानला आत्याकडे जिवंत सापडली होती. आई आधीच गेलेली, आत्याही अंथरुणाला खिळलेली. पोरीला आणायला काकांनाच जाणं भाग होतं, तेही खोट्या कागदांवर, बेकरीतला कामगार म्हणून. त्यांना पंतप्रधानांशेजारी दाखवणारी एकही प्रत मागे राहून चालणार नव्हती.

सेवेरिनाबाईंनी फोटो भिंतीवर टांगला होता.

"सरकार गेलं, आता फोटोही नेता?"

"तुमच्या यजमानांपेक्षा मी देखणा दिसतो. घरात भांडणं नकोत."

त्या हसल्या, फोटो काढून दिला, आणि निघताना काकांच्या कपाळावर बोटाने क्रूस काढला.

रस्त्यावर आल्यावर काकांनी तो फोटो बाकीच्यांसोबत खिशात सरकवला. माझी प्रत प्रार्थनेच्या पुस्तकात होती. ती मी त्यांनी मागायच्या आधीच काढून दिली.

"कागद मिळाले," ते म्हणाले, "पण चर्चमध्ये हल्ली नवे चेहरे दिसतात. कोण कुठे कामाला होतं, विचारत असतात."

"मी तोंड उघडणार नाही, काका."

"गप्प बसलं तरी ओळखतात." ते थांबले. "तुम्ही खोटं बोलत नाही, ठाऊक आहे मला. तरी मागतो. कोणी माझं नाव काढलं, तर असा माणूस कधी पाहिलाच नाही म्हणा. हाल्श्का इथे पोचेपर्यंत तरी."