ठोकळ्यांचा हौद

साइटवर नव्या स्लॅबला पाणी मारत होते. ओल्या सिमेंटचा वास आला आणि मी तिथल्याच विटांवर बसले. हल्ली लवकर थकायला होतं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जागोजागी कचेऱ्या उभ्या राहत होत्या आणि मी बांधकामाच्या डिप्लोमाला होते. उन्हाळा दुष्काळाचा होता. एका दुपारी औशाजवळच्या आमच्या गावाहून आई मला न्यायला आली.

"घरी चल माय. हीर आटली. लांबून पाणी आणायला माणूस न्हाई."

वसतिगृहात पाणी नव्हतं, म्हणून हातपाय धुवायला तिला प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या हौदात आमचे काँक्रीटचे ठोकळे बुडवून ठेवलेले होते. आई बघतच राहिली.

"दगडाला पाणी पाजायलेत व्हय गं?"

"पाण्यात राहिले तरच मजबूत होतात, आई. मधेच काढले तर कच्चे राहतात."

तिनं कोपरापर्यंत हात बुडवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. भेगाळल्या बोटांना ते पाणी झोंबत असणार. मग ओला हात तोंडावरून फिरवून म्हणाली, "ऱ्हा तू हितंच. मी बघते पाण्याचं."

ती एकटीच बसस्टँडकडे गेली. मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी मी पास झाले. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे आणि एक बादली उचलली तरी खांदा भरून येतो. पाऊस येईपर्यंत ती रोज डोक्यावरून घागरी वाहत होती, एकटी.