जावक टेबलाचा खण

कारखान्याच्या ऑफिसात गणपतराव तेहतीस वर्षं जावक टेबलावर बसले. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जायचं. क्रमांक, तारीख, पाकीट, डिंक. टपालाची पिशवी साडेचारला निघायची, तोवर सगळी पत्रं टेबलाच्या उजव्या खणात. रागानं लिहिलेलं पत्र त्यांना वाचायच्या आधीच कळायचं. सही कागदात खोल रुतलेली असायची. असलं पत्र ते खणात सगळ्यात खाली सारत. चारच्या सुमारास साहेब दारात येऊन घसा खाकरायचे.

"गणपतराव, ते मघाचं गेलं का हो?"

"न्हाय साहेब. हाय अजून."

किती मेमो आणि किती राजीनामे त्या खणात विझले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती. निवृत्तीच्या दिवशी दोघं-तिघं त्या खणाला हात लावून गेले होते.

त्यांचा धाकटा, राजवीर, घरातला राजू, मालवाहू जहाजावर इंजिनात होता. भर समुद्रात फोन लागत नाही, ई-मेल तेवढा पोचतो. थोरली स्वप्नाली कोडोलीच्या शाळेत शिकवायची. इकडचं तिकडं तीच लिहायची. आई जाऊन सात महिने झाले, तशी एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन उत्तरेश्वर पेठेतल्या घरी आली.

"आबा, आता तुमचं तुमी लिवा. मी मधी न्हाय पडणार."

"पैसं किती पडत्यात?"

"फुकट हाय."

"तिकीट न्हाय, आणि पोचतंय?"

तिनं खातं उघडून दिलं. कुणाला सुचणार नाही असा पासवर्ड सांगा म्हणाली, तर त्यांनी बायकोचं माहेरचं नाव दिलं. ते टाईप करताना तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं दाखवलं. वर राजूचा पत्ता, त्याखाली विषय, मोकळ्या जागेत मजकूर, आणि शेवटी निळं बटण, 'पाठवा'.

"जावक क्रमांक कुठं घालायचा?"

"लागत न्हाय. तारीख-वेळ ते आपलं आपण घालतंय."

गणपतरावांना हे आवडलं नाही. पण कीबोर्ड तिनं ऑफिसातल्या जुन्या मराठी टाईपरायटरसारखा लावून दिला होता, आणि बोटांनी अक्षरं लगेच ओळखली.

"सराव म्हणून कायबी लिवा. मी च्या टाकते," म्हणून ती आत गेली.

बोटं धावायला लागली. 'चि. राजवीर यास. तुझी आई अकरा दिवस दवाखान्यात होती. तू आला नाहीस. तेराव्यालाही आला नाहीस. आता आलास तरी या घरात तुझे कोणी नाही असे समज.' सात महिने घशात बसलेलं पंधरा मिनिटांत बाहेर पडलं. त्यांनी बटण दाबलं. पाठवा म्हणजे जावक टेबलावर देणं. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. चहा घेऊ, पुन्हा वाचू, बहुधा फाडूनच टाकू. पडद्याच्या तळाशी एक काळी पट्टी आली. ती वाचायला त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा घातला तेव्हा पट्टी नव्हती.

स्वप्नाली चहा घेऊन आली.

"पोरी, ते पत्र जरा खणातनं काढ बघू."

"कसला खण? पाठवलंसा काय?"

"दिलंय. साडेचार कुठं वाजल्यात अजून?"

"आबा, ते गेलं."

"कुठं?"

"राजूकडं. दाबल्या दाबल्या जातंय ते."

गणपतराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. "पिशवी न्हाय निघाली, आणि पत्र पोचलं? परत बोलीव."

"येत न्हाय परत. काळी पट्टी आलती न्हवं? तिच्यावर 'पूर्ववत करा' असतंय. पाच सेकंद."

"पाच सेकंद," ते म्हणाले. तेहतीस वर्षं त्यांनी माणसांना साडेचारपर्यंतचा वेळ दिला होता.

स्वप्नालीनं पाठवलेलं पत्र उघडून वाचलं. कप खाली ठेवला.

"आबा, अकरा दिवस लिवलंसा?"

"मग? खोटं हाय?"

"राजूला आपण काय कळवलंय? आई एकाएकी गेली म्हणून. मी रोज म्हणायचे, आज लिवते त्याला. तुमीच म्हणालासा की, थांब, पोरगं समुद्रात हाय, बरी झाली की कळवू. आई गेल्यावर मी लिवलं, तवा बंदर पंधरा दिवस लांब हुतं. कसा येणार त्यो?"

तू आला नाहीस, हे त्यांनी मनात इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्याला बोलावलंच नव्हतं हे झिजून गेलं होतं. गेलं म्हणजे कुठं गेलं? तेही खणातच होतं, सगळ्यात खाली. चहूकडे पाणी, आणि मधे एक माणूस अकरा हा आकडा वाचतोय.

"वाचताना एकटाच असंल का गं त्यो?"

स्वप्नालीनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला. मग म्हणाली, "मी लिवू त्याला?"

"नको. सरक."

'संदर्भ: आजचेच पत्र. तुला कळवू नको असे मीच सांगितले होते. अकराही दिवस. चूक तुझी नाही.' एकदा वाचून त्यांनी बटण दाबलं. काळी पट्टी आली. हात मांडीवर ठेवून ते ती जाईपर्यंत बघत राहिले.

चहावर साय धरली. चार वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. एकच ओळ.

'आबा, आई काही म्हणाली होती का?'

स्वप्नालीनं तोंड फिरवलं. तिला माहीत होतं. नवव्या दिवशी, शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आई म्हणाली होती, राजूला बोलवा. गणपतरावांनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली होती आणि म्हणाले होते, उद्या.

"काय लिवू?"

"तुमी बघा."

त्यांनी एका बोटानं, शिकाऊ माणसासारखं, एकेक अक्षर शोधत लिहिलं. 'म्हणाली, राजूला बोलवा. मी उद्या म्हणालो.'

साडेचार व्हायला सात मिनिटं होती. त्यांनी बटण दाबलं.