किकाची गोष्ट वाचणारी मिग्दालिया

काबाइगुआन गावच्या चिरूट कारखान्यात, कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या वाचकाच्या खुर्चीवर बसणं हे येरागबाळ्याचं काम नाही. समोर बाकांवर नव्वद माणसं चिरूट वळत असतात. हात तंबाखूच्या पानांत आणि कान वाचकाकडे. त्यातल्या निम्म्यांनी शाळा धड पाहिलेली नाही, पण शेकडो कादंबऱ्या कानांनी पचवल्या आहेत. कुठल्या लेखकाने शेवट घाईत उरकला हे ते तुम्हाला जेवता जेवता सांगतील. वाचन आवडलं की पान कापायची पाती, जिला आम्ही चवेता म्हणतो, ती फळीवर ठोकायची. नाही आवडलं की तीच जमिनीवर टाकून द्यायची. फरशीवरचा तो खणखणाट ऐकून भलेभले घरी गेले आहेत.

मिग्दालिया त्या खुर्चीसाठी आली तेव्हा प्राथमिक शाळेचं ग्रंथालय सांभाळत होती. तिच्या आईने याच कारखान्यात तीस वर्षं पानांच्या शिरा काढल्या. बाई निरक्षर, पण संध्याकाळी घरी आली की त्या दिवशीचं अख्खं प्रकरण पोरीला सांगायची, खलनायकाच्या आवाजासकट. नवरा वारला तेव्हा तिसऱ्या दिवशी कामावर हजर. लोकांनी नावं ठेवली, तर म्हणाली, "गोष्ट अर्धी राहिली होती." अशा आईच्या लेकीला दुसरी कुठली नोकरी गोड लागणार? जुने वाचक निवृत्त झाल्याचं कळलं आणि मिग्दालियाने त्याच दिवशी अर्ज टाकला. पंधरा दिवस वाचून दाखवायचं आणि मग सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं, असा इथला रिवाज.

आणि मिग्दालियाबाईंनी आणलं काय? लहान मुलांची सात पुस्तकं! शाळेतल्या पोरांनी पानं सुटेपर्यंत वाचलेली. गोष्ट शवपेट्या करणाऱ्या सुताराच्या पोरीची, किकाची. त्यांच्या गावात कुणी मरतच नाही, त्यामुळे बापाचा धंदा बसलेला. मग किका टेप घेऊन दारोदार जिवंत माणसांची मापं घेत हिंडते. "आत्ताच देऊन ठेवा, काकू. ऐन वेळी घाई झाली की काम बिघडतं."

पहिल्याच दिवशी खणकन आवाज झाला. पहिल्या बाकावरच्या सेवेरिनोकाकांनी चवेता टाकली होती. वळणाऱ्यांत सगळ्यात जुने, आणि जिभेला हाड नाही.

"ए पोरी, आम्ही काय अंगठा चोखतो का? मोठ्या माणसांचं काही आण."

"काका, मोठ्या माणसांचंच आहे. पोरं चोरून वाचतात," मिग्दालिया म्हणाली. दालन हसलं. आवाज तिने जागचा हलू दिला नाही.

दुसरं पुस्तक संपेस्तोवर चवेता फळ्यांवर वाजायला लागल्या. पाचव्यापर्यंत लोक जेवणाच्या सुट्टीत एकमेकांची मापं घेऊ लागले. सेवेरिनोकाका चवेता ठोकत नसत, पण टाकतही नसत. "ऐकतोय. मत नंतर," एवढंच म्हणत.

सहावं पुस्तक चालू असताना, दहाव्या दिवशी, काकांची बायको ओर्तेन्सिया गेली. कारखान्यातले सगळे मातीला गेले. चौदाव्या दिवशी सकाळी काका परत येऊन आपल्या बाकावर बसले, आणि व्यवस्थापक रेमिहियोने मिग्दालियाला बाजूला घेतलं.

"आज ते शवपेट्यांचं पुस्तक बंद ठेव. त्या माणसाच्या मनाचा विचार कर. दुसरं काहीतरी गंभीर वाच."

"आणि उद्या मतदान आहे."

"म्हणूनच सांगतोय, बाई. त्याने एकदा चवेता टाकली की आख्खं दालन टाकेल."

बोलणं खोटं नव्हतं. मिग्दालिया एक गंभीर कादंबरी हातात घेऊन खुर्चीवर चढलीसुद्धा. मग तिने खाली पाहिलं. काका पान सारखं करत, मान वर करून वाट पाहत होते. तिला आई आठवली. दुःखात असलेल्या माणसाची अर्धी गोष्ट काढून घ्यायची, हा कुठला आदर? तिने कादंबरी खाली ठेवली आणि किका उघडली.

प्रकरण नेमकं असं की, गावच्या ताडमाड महापौरासाठी बापाने केलेली पेटी आखूड निघते. किका त्याच्या घरी जाऊन अदबीने सांगते, "साहेब, आतापासूनच गुडघे दुमडून झोपायची सवय करा."

एरवी इथे छप्पर उडालं असतं. आज एकही माणूस हसला नाही. नव्वद जणांचे हात थांबले होते. आणि त्या शांततेत खणकन आवाज झाला. पहिल्या बाकावरून.

रेमिहियोने डोळे मिटले. मागच्या दोघांनीही टाकायला चवेता उचलल्या. मिग्दालियाला वाटलं, संपलं. आईच्या दालनात आपण एका माणसाच्या जखमेवर मीठ चोळलं.

पण काका बाकाखाली वाकले होते, चाचपडत होते, आणि त्यांची पाठ गदगदत होती. वर आले तेव्हा डोळे वाहत होते आणि तोंड हसत होतं. हसू आवरेना म्हणून हातातून पाती निसटली होती.

"चार बोटं!" ते ओरडले. "माझ्या ओर्तेन्सियाची पेटी चार बोटं आखूड! बूट काढून आत ठेवावं लागलं तिला! जन्मभर बजावत होती मला, सेवेरिनो, मी तुझ्यापेक्षा उंच आहे, विसरू नकोस!" आणि त्यांनी चवेता फळीवर अशी ठोकली की चिरूट उडाले.

मग काय विचारता. लोक हसले, रडले, आणि नव्वद चवेता एकदम वाजल्या. रस्त्यावरचे लोक आत डोकावले. मिग्दालियाची छाती अभिमानाने भरून आली, आणि का येऊ नये? तिने ते कमावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. हात वर गेले, सगळ्यांचेच. रेमिहियो मोजत मोजत पहिल्या बाकाशी आला आणि थबकला. सेवेरिनोकाकांचे दोन्ही हात वर होते.

"काका, एका माणसाचा एकच हात."

"एकच माझा. दुसरा ओर्तेन्सियाचा." काकांनी हात खाली घेतला नाही. "रोज संध्याकाळी मी तिला किकाची गोष्ट सांगायचो. दवाखान्यातही सांगितली. सातवं पुस्तक तिचं ऐकायचं राहिलंय."

रेमिहियोने खुर्चीतल्या मिग्दालियाकडे पाहिलं, मग कागदाकडे. आणि नव्वद माणसांच्या त्या दालनात मिग्दालिया एक्क्याण्णव मतांनी वाचक झाली.