पिंडाला शिवलेला मासा

माझा भाऊ गेला तो ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. आजारी नव्हता, कुणाला काही बोलला नव्हता, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. त्यामुळे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलो. त्याचं काय राहिलं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दहावा शहाडला नदीवर करायचा होता. पण जलपर्णी इतकी माजलेली की पाणीच दिसेना, म्हणून गुरुजी आम्हाला आंबिवलीच्या बाजूच्या एका तलावावर घेऊन गेले. कावळे तिथे भरपूर. सगळे पलीकडच्या वडापावच्या गाडीजवळ तेलकट कागद उपसत होते, पिंडाकडे एक फिरकेल तर शपथ. मग आश्वासनं सुरू झाली. काका म्हणाले, "आईची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." काका दिवाळीखेरीज फोन करत नाहीत, कावळ्यांनाही ते माहीत असावं. ऑफिसातला मित्र म्हणाला, "तुझं अर्धवट राहिलेलं काम मी पुरं करतो." मी म्हणाले, आईला डोंबिवलीला माझ्याकडे नेते. शेवटी आईनेच हात जोडले. "लग्नासाठी तुझ्या मागे लागले, ते विसर रे." तरी नाही. ऊन चढलं. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि चुलतभावाला तो पिंड पाण्यात सोडायला सांगितला.

त्याने तो पाण्याखालच्या पायरीवर ठेवला आणि तेवढ्यात ते आलं. हातभर लांब, काळपट, अंग झाडाच्या सालीसारखं खडबडीत, दोन्ही बाजूंना पसरलेले पर. तोंड कुठे दिसेना, कारण ते खाली पोटाच्या बाजूला होतं. ते पिंडावर आडवं झालं आणि भात हळूहळू कमी होत गेला. चुलतभाऊ घोरपड घोरपड करत मागे सरला. गुरुजी म्हणाले, मगरीचं पिल्लू असेल, लांब राहा. आई मात्र दोन पायऱ्या उतरून खाली वाकली.

"आला," ती म्हणाली. "शिवला."

मी फोनवर फोटो काढला.

त्या दिवशी आई भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. भांडी घासायलाही उठली. मी देवाधर्माची नाही, पण त्या प्राण्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून तिचं टुमणं लागलं. ते काय होतं ते शोधून काढ. काय खातं ते कळलं की दर महिन्याला तेच घेऊन जाऊ. मी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तर शेजारच्या काकूंपर्यंत पोचेस्तोवर त्याचा मत्स्यावतार झाला होता. मग मासळी बाजारात आमच्या नेहमीच्या कोळणीला दाखवला. तिने फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. "नाय गो बाय, ह्यो आपल्याकरचा मासा नाय. असला मी कधी कापला नाय." हे मी आईला सांगितलं तर तिचा चेहरा उजळला. आपल्याकडचा नाही म्हटल्यावर तो दुसरीकडूनच आला, असा तिचा हिशेब.

ठाण्याला कामाला गेले होते, तिथे शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात विचारलं. दुकानदाराने फोटोकडे नीट पाहिलंही नाही. "सकर आहे मॅडम. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून लोक नेतात. मोठा झाला की टाकीत मावत नाही, मग तलावात सोडून येतात." त्याने बोटाने दाखवलं. टाकीच्या काचेला बोटभर लांबीचे चार-पाच चिकटून बसले होते, तोंड काचेवर दाबून.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कळलं का?" मी म्हणाले, "अजून नाही."

असा महिना गेला. महिन्याच्या तिथीला तिने मऊ भात केला, डब्यात भरला आणि आम्ही रिक्षाने पुन्हा त्या तलावावर गेलो. तिथे तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमारांनी नुकतं जाळं ओढलं होतं. रोहू, कटला टोपलीत होते. आणि काठावर, उन्हात, त्या खडबडीत काळ्या माशांचा ढीग पडला होता. मधूनमधून एखादा पर हलायचा.

आई ढिगाजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "यातला कुठला गं होता?"

एक मच्छीमार म्हणाला, "मावशी, हात नका लावू, काटे हायेत. जाळी फाडतात हे. वर टाकले तरी लवकर मरत नाय."

"खातात काय?" आईने विचारलं.

"काय पण. शेवाळ, घाण, मेलेलं."

"भात?"

"भात तर खाणारच ना, मावशी."

आईने डबा उघडला नाही. परतताना रिक्षात तो मांडीवर घट्ट धरून बसली होती. "म्हणजे कोणी शिवलंच नाही," ती म्हणाली. मी खूप काही बोलले. माशाने खाल्लं काय आणि कावळ्याने खाल्लं काय, हे सगळं आपल्या मनाचं असतं, वगैरे. तिने ऐकलं नाही. ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती: काका बोलले, मित्र बोलला, तू बोललीस, लग्नाचं मी बोलले. "मग काय राहिलं असेल त्याचं? तुला तरी काही म्हणाला होता का?"

अजून रोज विचारते. आता तिचं जेवण दोन घासांवर आलंय. मी खरंच आठवून बघते. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे पोचलास का, जेवलास का, आईच्या गोळ्या संपल्यात. त्याला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, झोप लागायची का, मला एक गोष्ट धड सांगता येत नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत बसते. मी म्हणते, "थांब जरा, आठवतेय."