पायरीवरची अमल

दर रविवारी एका खोलीत तीन बायका, पंधरा-वीस पोरं आणि एक गॅस एवढं कोंबलं की किस्से सिंकमधल्या भांड्यांसारखे साठत जातात. घरी नवरा विचारतो, "तुम्ही वाचता कधी?" वाचतो हो! मधे मधे.

खोली सुलभाताईंची, औरंगपुऱ्यात, बांगड्यांच्या दुकानावर. गोष्ट वाचायची नसरीन आपांनी, कारण आवाज त्यांचा. मी रिटायर झालेली मास्तरीण, म्हणून पोरं गप्प करायचं खातं माझ्याकडं. आमचा एक नियम आहे. पुस्तकातलं घर जे खातं ते त्या दिवशी आपणही करून खायचं आणि शेवटची पानं जेवण झाल्यावरच वाचायची. पोरं गोष्टीसाठी येतात की जेवणासाठी, हे आम्ही कधी विचारलेलं नाही.

हल्ली आम्ही घरदार सोडून परमुलखात गेलेल्या कुटुंबांची चित्रपुस्तकं वाचतो. ती आली हुदामुळं. हुदा सात वर्षांची, येमेनची. वडील इथं विद्यापीठात पीएचडी करतात आणि तिकडं लढाई पेटलेली, त्यामुळं परत जायचं नाव नाही. पोरीनं शाळेत जाऊन मराठी उचलली. तिची आई अमल मात्र पोरीला वर पाठवायची आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायची. हिंदी मोडकंतोडकं, मराठीचा तर एक शब्द नाही. "वर या" म्हटलं की छातीवर हात ठेवून नुसतं हसायची. वर 'सगळे एकत्र जेवले' असं वाचलं जायचं, ते जिन्यात ऐकू जायचं आणि खाली ती एकटी. मला फार वाईट वाटायचं. हिला वर कसं आणायचं, हाच आमचा तिघींचा वर्षभराचा प्रश्न!

* * *

एका पुस्तकात एक कुटुंब पहाटे घराला कुलूप लावून होडीत बसतं. त्या पानावर नसरीन आपा थांबल्या. चष्मा काढला, ओढणीनं डोळे पुसले, तरी पुढचं वाक्य काही फुटेना.

पहिलीतली ओवी उठली, आपांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आपा, रडू नका ना. दोन पानांनंतर जेवतात ते. मी बघून ठेवलंय!"

* * *

सुलभाताईंचं माहेर पैठणकडचं. गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा त्या लहान होत्या. एकदा बोलता बोलता हे पोरांना कळलं.

अथर्व लगेच म्हणाला, "म्हणजे तुम्ही पण पुस्तकातल्यासारख्याच?"

"व्हय रे. फक्त आमचं पुस्तक कुणी नाय काढलं."

मला वाटलं, आता पोरगं काहीतरी हळवं बोलणार. अथर्व म्हणाला, "नसू द्या. तुमच्या घरी काय खायचे? नियम म्हणजे नियम!"

पुढच्या रविवारी पुस्तकाशिवायच ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत झालं. सुलभाताई भाकरी थापता थापता एकट्याच बोलत होत्या आणि पोरं ऐकत होती.

* * *

एक पुस्तक बिनशब्दांचं होतं. छावणीतले तंबू, बायकांचा घोळका आणि मधोमध पातेल्यात काहीतरी हिरवं. ते काय असेल?

"पालक," सुलभाताई म्हणाल्या. "पालक कायकू? हरा गोश्त है ये," इति नसरीन आपा. माझं मत हिरव्या मुगाच्या आमटीचं. कुणी माघार घेईना, म्हणून तिन्ही केलं! पुढचं पान उलटून बघायची सोय नव्हती, कारण जेवण व्हायचं होतं.

पोरं जेवत असताना हुदा पुस्तक घेऊन खाली पळाली. थोड्या वेळानं वर आली.

"उम्मी हसतेय," ती म्हणाली. आईला ती उम्मी म्हणते.

"का गं?"

"ती मेहंदी आहे. लग्नाची."

तिघींच्या हातांना जन्मभर मेहंदी लागलेली! मान खाली घालून आम्ही वाढत राहिलो.

* * *

मग सुलभाताईंनी डब्याची युक्ती काढली. चुरमुऱ्यांचा सुशिला घालून हुदाबरोबर डबा खाली धाडला. रिकामा डबा द्यायला अमल वर येईल, आपण धरून बसवू, असा बेत.

डबा हुदाबरोबरच वर आला. आत खजूर! रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत येमेनमध्येही असणार हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता खजुराचा डबा आम्ही तरी रिकामा कसा पाठवायचा? शेंगदाण्याचे लाडू भरले. पुढच्या रविवारी मधात भिजवलेली पापुद्र्यांची रोटी आली. आम्ही धपाटे धाडले.

असं महिनोन् महिने चाललं. डबा वर-खाली फिरला, अमल पायरीवरच. वर माझं वजन वाढलं!

* * *

शेवटी सुलभाताईंचं डोकं फिरलं. "ती वर येत नाय ना? मग चला आपणच खाली!"

सगळी वरात जिन्यात. प्रत्येक पायरीवर तीन-तीन पोरं, मधे भाताचं पातेलं, खालून दुसऱ्या पायरीवर सुलभाताई आणि अगदी खाली अमल. दुकानदार ओरडला, "ताई, गिऱ्हाईक कुठून येणार?" गोष्ट सुरू झाली तसा त्यानं आपला रेडिओ बंद केला.

अमल मात्र गडबडून उठून उभी राहिली होती. आता ही पोरीला घेऊन जाते आणि पुढच्या रविवारपासून पायरीवरही दिसत नाही, असं मला वाटलं. हुदानं तिची बाही धरून ठेवली. ती कशीबशी बसली, अगदी कडेला, अंग चोरून.

आपांची चार पानं वाचून झाली असतील. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई गल्लीत थबकली. मग बिचकत म्हणाली, "इथं लेकरांना गोष्टी सांगत्यात म्हणं? आम्ही नवीनच आलोत, बिडकीनहून. इथलं कुणी वळखीचं नाय. आम्हाला चालतं का?"

आम्ही तोंड उघडायच्या आत अमल उठली. तिनं सुलभाताईंच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"सरका."

मग त्या बाईकडं वळून, हातानं जागा झटकत म्हणाली, "या. बसा. जेवण आहे."

सुलभाताई आपल्याच जिन्यावर एक पायरी वर सरकल्या.