सात दिवसांत लंडन

आमच्या यजमानांना विमानांचं भारी वेड. ते लोणावळ्यात मास्तर होते. विमान त्यांनी जवळून कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावरून एखादं घरघरत गेलंच, तर हातातलं टाकून अंगणात धावायचे. पण कराचीहून लंडनला टपालाची विमानं जाऊ लागल्याचं वर्तमानपत्रात वाचलं आणि शाळेतला जुना नकाशा त्यांनी आमच्या माजघरात आणून टांगला. बगदादला टाचणी, कैरोला टाचणी. माझ्या शिवणातला दोरा घेऊन त्या टाचण्यांवरून ओढायचा, मग पट्टीवर धरायचा. पाच हजार मैल, सात दिवस! चहाला आलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे, मला तर रोजच. ऐट अशी, की विमान जणू यांनीच बांधलंय.

सासूबाई इंदुरीला धाकट्या दिरांकडे असत. तळेगावपर्यंत आगगाडीनं तासभर, पुढे टांगा. एका सोमवारी सकाळी दिरांचा गडी धापा टाकत दारात आला.

"मास्तर, तुमची आई लय थकलीया. सारखं तुमचंच नाव घेतीया. दुपारच्या गाडीनं चला."

यांचा चेहरा उतरला, हे मी कबूल करते. मग पंचांग उघडलं. सोमवारी पूर्वेला दिशाशूल, प्रवास वर्ज्य. आणि इंदुरी पडली पूर्वेला.

"उद्या पहिल्या गाडीनं निघू," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुमचं ते विमान सोमवारी खाली उतरून बसतं का?"

"साहेबाला दिशाशूल नसतो," हे अगदी गंभीरपणे, वर्गात मुलांना समजवावं तसं. मी लुगडं बदललं आणि गड्याबरोबर निघाले. "तुलाही बाधेल!" असं मागून ओरडले. बाधू दे म्हटलं.

सासूबाई शुद्धीवर होत्या. दारात टांगा थांबलेला त्यांनी ऐकला होता.

"आला का गं?"

"निघालेत. गाडी चुकली, मागच्या गाडीनं येतायत."

त्यांनी डोळे दाराकडे लावले. रस्त्यावर काही वाजलं की मान वळवायच्या. दिवेलागणीला ते थांबलं.

हे मंगळवारी उजाडल्यावर आले. खूप रडले. रडणं खोटं नव्हतं, पण मला त्याची किळस आली. आणि दहाव्याला नदीवर जमलेल्या माणसांना लंडन आता किती जवळ आलंय, ते सांगत बसले. गावातली माणसं बिचारी माना डोलावत होती.

पुढे बऱ्याच दिवसांनी जेवताना त्यांनी मला विचारलं, "शेवटी आईनं माझं काही विचारलं का गं?"

"नाही," मी म्हटलं आणि भात वाढला.

त्यांनी ते खरं मानलं. पानावरून तसेच उठले. मला त्याचं आजवर वाईट वाटलेलं नाही.